दगडापेक्षा वीट मऊ. पण डोके कुणाचे?



निवडणूक जवळ आली की एक ठरलेला सल्ला गावोगाव फिरू लागतो. गावच्या पारावर, एसटीच्या थांब्यावर, सिल्लोड-फुलंब्रीकडून शहरात येताना हर्सूलच्या टी पॉइंटवर चहा प्यायला थांबलात तर तिथेही तो ऐकू येतो. सांगणारा चार बुके शिकलेला असतो. तो म्हणतो, "दोघेही वाईट आहेत, कबूल. पण त्यातल्या त्यात हा बरा. दगडापेक्षा वीट मऊ. तिसऱ्याला मत द्याल तर मत वाया जाईल आणि नको तोच निवडून येईल."

हा सल्ला देणारा माणूस आपला वैरी नसतो. पुष्कळदा आपल्याच भावकीतला असतो. म्हणून त्याला शिव्या न देता त्याचा हिशेब तपासला पाहिजे. कोरडवाहू शेतकऱ्याला हिशेब करता येत नाही असे शहरातले लोक समजतात. वेचणीची मजुरी, सरकीचा भाव, खताची गोणी आणि सोसायटीचे व्याज तोंडी जुळवणाऱ्या माणसाला मतांचा हिशेब का जमू नये?

आपल्याच जिल्ह्याचे आकडे

लांब जायला नको. २०१९ सालची आपली औरंगाबाद लोकसभेची निवडणूक घ्या. एमआयएमचे इम्तियाज जलील यांना ३,८९,०४२ मते पडली. शिवसेनेचे चंद्रकांत खैरे यांना ३,८४,५५०. फरक अवघा ४,४९२. अपक्ष हर्षवर्धन जाधव ट्रॅक्टर हे चिन्ह घेऊन उभे होते. त्यांना २,८३,७९८ मते मिळाली. काँग्रेसचे सुभाष झांबड चौथे आले, मते ९१,७८९.

निकालानंतर गावोगाव एकच चर्चा झाली. ट्रॅक्टरने मते फोडली! आता जरा थांबा. काँग्रेसची मते विजयाच्या फरकाच्या वीसपट होती. काँग्रेसने मते फोडली असे कुणी म्हणाले का? तिची अनामतही वाचली नाही, कारण अनामत वाचायला एकूण वैध मतांचा सहावा हिस्सा लागतो. तरी तिला मत देणारा शहाणा, आणि तिच्या तिपटीहून जास्त मते घेणाऱ्याला मत देणारा मात्र मत वाया घालवणारा. हा कुठला न्याय? मोठ्या पक्षाची मते ती मते, आणि बाकीच्यांची ती फूट. सावकाराच्या वहीत जसे त्याचे येणे तेवढे लिहिलेले असते, तसाच हा हिशेब.

दुसरी गोष्ट. त्या निवडणुकीत जिंकले कोण? वर्षानुवर्षे इथली लढत शिवसेना आणि काँग्रेस यांच्यात व्हायची. २०१९ ला जिंकला तो या दोन्हींच्या बाहेरचा पक्ष. १९८९ साली मोरेश्वर सावे निवडून आले तेव्हा मराठवाड्यात शिवसेनाही नवीच होती. म्हणजे या जिल्ह्यात "तिसरा कधी येत नाही" हे म्हणणे दोनदा खोटे पडले आहे. तिसरा येतो. ज्यांनी आपली माणसे मोजली, एकत्र ठेवली आणि मतदान केंद्रापर्यंत नेली त्यांचा येतो. शेतकऱ्याचा येत नाही, कारण शेतकरी मतदानाच्या दिवशी शेतकरी राहत नाही. कुणी मराठा होतो, कुणी ओबीसी, कुणी दलित, कुणी मुसलमान. "खान की बाण" या एका प्रश्नावर इथल्या किती निवडणुका निघाल्या आठवून पाहा. खानाच्या शेतातला कापूस आणि बाणाच्या शेतातला कापूस जिनिंगच्या काट्यावर एकाच भावाने जातो, हे मात्र कुठल्याच सभेत कुणी सांगितले नाही. २०२३ मध्ये शहराचे आणि जिल्ह्याचे नाव बदलले. ज्याला आनंद झाला त्याने आनंद मानावा, ज्याला दुःख झाले त्याने दुःख. काट्यावरचा भाव मात्र नाव विचारत नाही.

दगडाने काय केले, विटेने काय केले

आता ज्या दोघांमधून कमी वाईट निवडायचा त्यांनी कापसाचे काय केले ते पाहू.

१९७२ साली काँग्रेसच्या राज्यात कापसाची एकाधिकार खरेदी आली. कापूस सरकारलाच घालायचा, राज्याबाहेर विकायचा नाही. शेजारच्या राज्यात चार पैसे जास्त मिळत असले तरी आपल्याच मालाची गाडी सीमेपलीकडे नेली की आपण चोर. १९९५ मध्ये युतीचे सरकार आले. दगड गेला, वीट आली. एकाधिकार तिथेच राहिला. ग्रेडर तोच, चुकाऱ्याची वाट पाहणे तेच.

५ मार्च २०१२ रोजी केंद्रातल्या काँग्रेस आघाडीच्या सरकारने कापसाच्या निर्यातीवर एका दिवसात बंदी घातली. माल शेतकऱ्याच्या घरात होता. ओरड झाली तेव्हा आठवडाभरात पाऊल मागे घ्यावे लागले. त्या वेळी गुजरातचे मुख्यमंत्री असलेल्या नरेंद्र मोदींनी या बंदीला विरोध केला होता. चांगली गोष्ट. मग ऑगस्ट २०२५ मध्ये त्यांच्याच केंद्र सरकारने परदेशी कापसावरचे ११ टक्के आयात शुल्क माफ केले. आधी सप्टेंबरअखेरपर्यंत, नंतर मुदत वाढवून ३१ डिसेंबरपर्यंत. म्हणजे आपली पहिली वेचणी घरात यायची आणि बाहेरच्या गाठी बंदरावर उतरायच्या, अशी बरोबर वेळ साधली. या वेळी विरोध केला काँग्रेसने.

नीट पाहा, भावांनो. एक पक्ष निर्यात अडवतो, दुसरा आयात मोकळी करतो. एक पुढच्या दाराने भाव पाडतो, दुसरा मागच्या. आणि विरोधी बाकावर बसला की दोघांनाही शेतकऱ्याचा कळवळा येतो. कळवळा खुर्चीच्या जागेला चिकटलेला आहे, माणसाला नाही.

ज्वारीचे तर नावच कुणी घेत नाही. रेशनच्या दुकानात गहू आणि तांदूळ आले आणि आपल्या भाकरीचे धान्य आपल्याच गावात परके झाले. हमीभाव दरवर्षी जाहीर होतो; २०२५-२६ च्या हंगामासाठी संकरित ज्वारीचा ३,६९९ रुपये झाला. जाहीर करणे सोपे आहे. घेणारे केंद्र कुठे आहे, ते कधी उघडणार आणि बारदाना कधी येणार, हे विचारले की दगडही गप्प आणि वीटही गप्प. ज्वारी अजून पेरली जाते ती बरीचशी कडब्यासाठी, घरच्या जनावरांच्या मायेने.

मग कमी वाईट म्हणजे काय? जात, देव, झेंडा, भाषण यांत फरक असेल. शेतमालाच्या भावाबाबत फरक किती ते वर लिहिले आहे.

वीट कोणत्या भिंतीत जाऊन बसली

समजा, फरक आहे असे मानले. तुम्ही नाइलाजाने विटेला मत दिले. पण वीट तुमच्या हातात राहते का?

२०१९ साली नांदेडात काँग्रेसचे अशोक चव्हाण सुमारे ४० हजार मतांनी हरले. भाजपचे प्रतापराव चिखलीकर जिंकले. वंचित बहुजन आघाडीच्या उमेदवाराला १ लाख ६६ हजारांच्या वर मते होती. तिसऱ्याला मत देणाऱ्यांवर केवढा राग काढला गेला! भाजपला मदत केली, घात केला, वगैरे. फेब्रुवारी २०२४ मध्ये अशोक चव्हाण स्वतःच भाजपमध्ये गेले आणि त्या लोकसभेला चिखलीकरांसाठीच मते मागू लागले. ज्याला वाचवायला तुम्ही तिसऱ्याला सोडायचे होते, तो तुम्हाला न विचारता पहिल्याकडे निघून गेला. आता सांगा, वाया कुणाचे मत गेले?

आपल्या जिल्ह्यात वेगळे काय झाले? २०१९ च्या विधानसभेला शिवसेना-भाजप एकत्र मते मागत होते. निकालानंतर शिवसेना काँग्रेस-राष्ट्रवादीबरोबर बसली. जून २०२२ मध्ये जिल्ह्यातल्या सहापैकी पाच शिवसेना आमदारांनी पुन्हा दुसरी वाट धरली. त्यांच्यातलेच एक, संदीपान भुमरे, २०२४ ला खासदार झाले. युती म्हणून मत दिलेल्याचे मत आघाडीत गेले, आघाडी चालेल म्हणणाऱ्याचे परत महायुतीत आले. मतदार पाच वर्षे जागेवरच उभा होता. फिरले ते त्याचे मत. नको त्याला रोखण्यासाठी दिलेले मत नको त्याच्याच घरी पोचते, हे या महाराष्ट्राने पाच वर्षांत इतक्या वेळा पाहिले आहे की "त्यातल्या त्यात बरा" हा शब्दच आता खोट्या नाण्यासारखा वाजतो.

रिकाम्या गाडीला भाव नसतो

आता मुद्द्याची गोष्ट. ती आपल्याला बाजारानेच शिकवली आहे.

जिनिंगच्या दारात कापसाची गाडी उभी असते तोवर व्यापारी चहा पाजतो, दादा-भाऊ म्हणतो. गाडी काट्यावर गेली, ढिगात रिकामी झाली, की ओलावा निघतो, कवडी निघते, क्विंटलमागे किलोभर कडता निघतो. माल भरून घरी परत न्यायची ताकद आपल्यात नाही हे त्याला माहीत असते. दवाखाना, लग्न, बियाण्याची उधारी यांपायी घाईने केलेली विक्री कधी भावात होत नाही.

कमी वाईटाला दिलेले मत ही अशीच अडलेल्याची विक्री आहे. "दुसरा नको म्हणून हा मलाच देणार" हे ज्या पक्षाला ठाऊक झाले, तो तुमच्या कापसासाठी बोट तरी कशाला हलवील? त्याने फक्त समोरच्याची भीती जिवंत ठेवायची. भीती जितकी मोठी, तितके तुमचे मत स्वस्त. म्हणून तर निवडणुकीत भावाची चर्चा होत नाही, भीतीची होते.

व्यापारी भाव कधी वाढवतो? शेजारच्या बाजारात दुसरे गिऱ्हाईक आहे आणि शेतकरी गाडी वळवू शकतो असे दिसले की. तिसऱ्याला दिलेले मत म्हणजे वळवलेली गाडी. ती एकदा वळली तर पहिल्या दिवशी नुकसान होते, हे खरे. पण पुढच्या हंगामात दोन्ही व्यापारी वेशीवर येऊन उभे राहतात.

अमेरिकेतल्या कापूसवाल्यांची गोष्ट ऐका. १८९२ साली दक्षिणेतल्या कापूस पिकवणाऱ्यांनी आणि पश्चिमेतल्या गहू पिकवणाऱ्यांनी दोन्ही मोठे पक्ष सोडून 'पीपल्स पार्टी' काढली. त्यांची एक मागणी अशी होती: सरकारने गोदामे बांधावीत, शेतकऱ्याने कापूस तिथे ठेवावा आणि किमतीच्या ८० टक्क्यांपर्यंत स्वस्त व्याजाने कर्ज घ्यावे, म्हणजे हंगामात पडेल भावाने विकावे लागणार नाही. त्यांच्या उमेदवाराला दहा लाखांहून जास्त मते पडली. तो हरला. लोक म्हणाले, मते वाया गेली. पण मोठ्या पक्षांची झोप उडाली. त्यांच्या मागण्यांपैकी श्रीमंतांवरचा आयकर आणि सिनेटची थेट निवडणूक १९१३ मध्ये घटनेत आली. कापसावरचे तारण कर्ज १९३३ मध्ये आले. पक्ष मात्र तोवर संपला होता, कारण १८९६ मध्ये तो "त्यातल्या त्यात बरा" म्हणून एका मोठ्या पक्षाच्या उमेदवारामागे गेला. उमेदवारही पडला आणि पक्षही विरघळला. हरूनही काही मिळाले. विरघळल्यावर काहीच हाती राहिले नाही.

दुसरी बाजूही मांडली पाहिजे

पण उगाच कुणाच्याही नावापुढे बटण दाबले की क्रांती झाली, असे समजणाऱ्यांनाही चार शब्द सांगायला हवेत.

२०१९ ला ट्रॅक्टरला पडलेली पावणेतीन लाखांहून जास्त मते २०२४ ला कुठे होती? तेच उमेदवार, आणि मते ४० हजारांच्या आसपास. कारण ती लाट होती, संघटना नव्हती. नदीला पूर येतो, तो ओसरतो. विहिरीला पाझर लागतो तो खणल्यावर. हातकणंगल्यात राजू शेट्टी २००९ आणि २०१४ ला निवडून आले. २०२४ ला दोन्ही आघाड्या सोडून एकटे उभे राहिले आणि तिसरे आले. मधल्या काळात एकदा एका आघाडीबरोबर, एकदा दुसरीबरोबर जाऊन झाले होते. तिसऱ्याने पहिल्या-दुसऱ्याच्या वाड्यात मुक्काम केला की लोक त्याला तिसरा म्हणून ओळखत नाहीत.

आणि 'नोटा'? २०१३ पासून ते बटण आले आहे. २०१९ ला लातूर ग्रामीणमध्ये नोटा २७,५०० मते घेऊन दुसऱ्या क्रमांकावर आला! बातमी झाली. पुढे? विधानसभेला नोटाला कितीही मते पडली तरी उरलेल्यांत ज्याला जास्त तो आमदार. नोटा म्हणजे बुजगावणे. पाखरे दोन दिवस भितात, तिसऱ्या दिवशी त्याच्याच डोक्यावर बसतात.

आणखी एक. एखाद्या निवडणुकीत खरोखरच जीवावरचा प्रश्न असतो. एक निवडून आला तर वस्ती पेटेल, माणूस माणसाला कापील, अशी खरी भीती असेल, तर त्या दिवशी भावाचा हिशेब बाजूला ठेवून आग विझवणाऱ्याला मत देणाऱ्याला आम्ही दोष देणार नाही. घर जळत असताना ज्वारीचा भाव कुणी विचारत नाही. पण दर पाच वर्षांनी तीच आग दाखवणारा माणूस पाणी घेऊन कधीच येत नसेल, तर काडेपेटी कुणाच्या खिशात आहे हेही तपासावे.

मग करायचे काय?

सांगोल्याकडे पाहा. आपल्यासारखाच दुष्काळी तालुका. गणपतराव देशमुख तिथून शेतकरी कामगार पक्षातर्फे ११ वेळा आमदार झाले, १९६२ पासून. बहुतेक काळ विरोधात बसून. पक्ष राज्यभर आटत गेला, सांगोल्यात राहिला. २०२४ ला त्यांचे नातू बाबासाहेब देशमुख दोन्ही शिवसेनांचे उमेदवार पाडून निवडून आले, त्याच पक्षातून. तिकडे राजुऱ्यात, चंद्रपूरच्या कापूसपट्ट्यात, शेतकरी संघटनेचे वामनराव चटप २०१९ ला अडीच हजारांच्या आसपास मतांनी हुकले. भाजपचा उमेदवार तिसरा होता आणि त्याच्याजवळ ५० हजारांवर मते होती. भाजपने मते फोडली असे कुणी लिहिले नाही. २०२४ ला चटप तिसरे आले तेव्हा मात्र फोडाफोडीची आठवण सगळ्यांना झाली.

या सगळ्यातून आमच्या समजुतीप्रमाणे चार गोष्टी निघतात. बैठकीत त्यांवर भांडावे, पण विचार करून.

एक. मत एकट्याने द्यायचे असते, ठरवायचे मात्र सगळ्यांनी मिळून. प्रत्येक मतदान केंद्रामागे आपली किती घरे आहेत याची वही करा. वहीत नाव नाही ते मत धरू नका. वही रिकामी असेल तर तिसऱ्याचा बेत करू नका. आधी वही भरा.

दोन. मागणी लेखी घ्या, आणि मोजकी. कापसाच्या निर्यातीवर बंदी नाही. हंगामात आयात शुल्क माफ करायचे नाही. ज्वारीचे खरेदी केंद्र खळे होण्याआधी उघडायचे. प्रत्येक उमेदवाराने गावासमोर सही करावी. सही न करणारा दगड असो की वीट, आपल्याला दोन्ही सारखे.

तीन. तिसरा उमेदवार असा हवा की जो हरल्यानंतरही दुसऱ्या दिवशी बाजार समितीत वजनकाट्यापाशी उभा दिसेल. निवडणुकीपुरता उगवणारा तिसरा म्हणजे पऱ्हाटीतले तण.

चार. सुरुवात खालून करा. सोसायटी, बाजार समिती, ग्रामपंचायत, पंचायत समिती. इथे दोनशे-चारशे मतांनी निकाल फिरतो आणि "वाया जाईल" ही भीती कुणी घालू शकत नाही. इथे माणूस तयार होईल, तोच उद्या वर चालेल.

आणि जिथे वहीही नाही आणि माणूसही नाही, तिथे द्या विटेला मत. पण ती अडलेल्याची विक्री आहे हे विसरू नका. विटेची मिरवणूक काढू नका, विटेसाठी भावाशी भांडू नका, विटेचा गुलाल कपाळाला लावू नका.

दगड कठीण की वीट मऊ, हा वाद घालणारे दोघेही एक गोष्ट मुकाट्याने धरून चालतात: डोके शेतकऱ्याचे, आणि फेकणारे हात दुसऱ्यांचे. ते हात कुणी धरायचे, याचा विचार आपल्या बैठकीत झाला पाहिजे. हे पान घडी करून खिशात ठेवू नका. गावात नेऊन मोठ्याने वाचा, आणि वही काढा.